पोथीला माणसं लागतात

अभिजात साहित्य एकट्यानं, दार लावून वाचायचं असतं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. चारजणींनी जमायचं, चहा-चिवड्याबरोबर एखादी थोर कादंबरी चर्चेला घ्यायची आणि थोड्याच वेळात विषय सासू-सुनांवर यायचा, हा मला त्या लेखकाचा अवमान वाटे. भिशी वेगळी, वाचन वेगळं, असं मी मैत्रिणींना स्पष्ट सांगायची. आज माझं मत नेमकं उलट आहे. ते बदलायला सुरुवात झाली एका हलक्याफुलक्या सिनेमानं.

'द जेन ऑस्टेन बुक क्लब' हा रॉबिन स्विकॉर्ड यांचा 2007 सालचा चित्रपट. कॅलिफोर्नियातल्या पाच बायका आणि एक पुरुष दर महिन्याला ऑस्टेनची एक कादंबरी वाचतात. सहा माणसं, सहा कादंबऱ्या. कुणाचा संसार मोडायला आलाय, कुणाचा नुसताच रखडलाय. बोलणं सुरू होतं पात्रांवरून. पण त्या पात्रांच्या आडून जो तो स्वतःचीच बाजू मांडत असतो. आणि तसं मांडता मांडताच कादंबरी त्यांना जास्त कळत जाते.

त्यातला ग्रिग विज्ञानकथांचा वेडा. ऑस्टेन त्यानं कधी वाचलेली नसते, तरी तो सगळ्या कादंबऱ्या मन लावून वाचतो. क्लबातल्याच जॉसलिनला मात्र त्यानं सुचवलेली अर्सुला ले ग्विनची पुस्तकं कितीतरी दिवस उघडावीशीच वाटत नाहीत. उघडते तेव्हा ती रात्रभर वाचत बसते. हे पाहताना मला माझ्या एकांताची मर्यादा दिसली. एकटं वाचणारा आपल्या आवडीचंच वाचत राहतो. दुसऱ्याच्या आवडीचं पुस्तक त्याच्यासाठी म्हणून वाचायचं, ही सवय मंडळातच लागते.

मग आपल्याकडचं आठवत गेलं. ज्ञानेश्वरी श्रोत्यांपुढं सांगितलेली आहे. ज्ञानदेव जागोजागी त्यांच्याशी बोलतात, त्यांचं अवधान मागतात. आमच्या गंगाखेडची जनाबाई जात्यावरच्या ओव्यांमधून घरोघर पोचली. श्रीधरांचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ग्रंथ. गावोगावच्या मारुतीच्या देवळात एकानं ते वाचायचे, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. ऐकणाऱ्यांत अक्षर न येणारे कितीतरी असत. दुर्योधन सुईच्या अग्राएवढीही जमीन देत नाही म्हटल्यावर श्रोत्यांत बांधावरच्या भांडणाचा विषय निघणारच. पोथी तेवढ्यानं बाटत नव्हती. तिथंच ती ऐकणाऱ्याची होत होती. मी ज्याला विषयांतर म्हणत होते, ते खरं तर त्या ग्रंथाचं घरात येणं होतं.

एकांतातल्या वाचनाचं मोल मी आजही मानते. पाठभेद तपासायला, शैलीची चिकित्सा करायला शांतपणा लागतोच. पण पुस्तक पुढच्या पिढीच्या हाती जातं ते त्याच्याविषयी बोलणाऱ्या माणसांमुळं.

म्हणून आता परभणीकरांना माझं मनापासून एक सांगणं आहे. बी. रघुनाथ आपले. 1913 साली सातोन्याला जन्मलेला हा माणूस निजामाच्या सरकारी खात्यात नोकरी करत, याच शहरात राहून कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत गेला आणि 1953 साली, जेमतेम चाळिशीत गेला. त्यांच्या नावाचं सभागृह आपल्याकडं आहे. 1995 साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही इथं भरलं. आता बी. रघुनाथांना सभागृहातून दिवाणखान्यात आणू या. सुरुवात 'आडगावचे चौधरी'पासून करावी. महिन्याला एक पुस्तक, दर वेळी वेगळं घर. आणि ज्या घरात रझाकारांच्या काळातलं सांगणारी आजी असेल, तिथं सगळ्यात आधी बसावं. ती मध्येच तिच्या माहेरच्या वाड्याविषयी बोलू लागली, तर पुस्तक मिटून ऐकावं. बी. रघुनाथांनी लिहिलं ते याच मुलखातल्या माणसांविषयी.