महाप्राण

मराठीत महाप्राण अक्षरे किती, हा हिशेब धडधाकट माणूस कशाला करील? मला तो करावा लागला. अर्धांगवायूने उजवे अंग लुळे पडले आणि यापुढे लिहायचे ते संगणकावर, डाव्या हाताने, असे ठरले. 1986 साली सरकारने नेमून दिलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर क आणि ख यांची कळ एकच. ख हवा तर दुसऱ्या हाताने शिफ्ट दाबून धरायची. घ, झ, ठ, ध, भ यांचेही तेच. आता पाहा, घर, झोप, भाकरी, भाऊ हे सारे जिव्हाळ्याचे शब्द दोन हातांचे! 'सरकार' आणि 'कर' मात्र एका बोटाने होतात.

"मामा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो," भाचा म्हणाला. आम्ही नेवाशाचे. 1290 साली इथेच ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, तेव्हा परंपरा मोठीच. 2017 पासून गूगलही मराठी बोलणे ऐकून उतरवून घेते. पण मला लिहायचे होते पुण्याच्या थोरल्या भावाला, आणि तेही आपण घराला ओझे झालो आहोत की काय, याविषयी. सारे घर ऐकत असताना ते मोठ्याने कसे सांगणार?

वाट निघाली ती संगणकातूनच. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली, की 'स्टिकी कीज' चालू करू का, असे तो विचारतो. हो म्हणावे. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही; एकदा दाबून सोडावी, सावकाश क दाबावा, ख उमटतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सोयींवर काम केले आणि 1995 पासून त्या विंडोजमध्येच आहेत. वेगळा पैसा पडत नाही. थरथरत्या बोटांसाठी 'फिल्टर कीज' आहे. चुकून लागलेला धक्का ती मनावर घेत नाही. (ही विद्या माणसांना शिकवता आली तर!) स्टीफन हॉकिंग तर गालाच्या एका स्नायूने लिहीत, त्यांच्यासाठी इंटेलने केलेली प्रणाली 2015 साली सर्वांना मोफत खुली झाली.

आणि आमच्या घरात? खेळताना मधेच ती खिडकी उघडते म्हणून भाच्याने ती सोय कधीचीच बंद करून टाकली होती!

पत्राला चार दिवस लागले. दादाचे उत्तर आले, "सगळे कळले. रविवारी येतो. पण पत्र लिहून कोणी दिले?"

मी लिहिले, "मीच." त्याला शिफ्ट लागत नाही.