एवढ्याशा गोष्टीचा सोहळा

पुणे,
श्रावणातला रविवार

प्रिय ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्याशा गोष्टीचा एवढा सोहळा कशाला? आणि ह्याच्या पुढे काय?" आवाजात राग नव्हता, काळजी होती, ती मला ओळखू येते. पण अशा प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही. तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, माझी ऑफिसची बस आली होती. म्हणून हे पत्र. शिवाय पत्रात मला 'आले', 'गेले', 'बसले' असं लिहिता येतं. तोंडून अजून 'आलो'च निघतं, जिभेला इतक्या वर्षांची सवय आहे. कागदावर मात्र हात अडखळत नाही, आणि असं लिहिलेलं वाचणारी तू पहिलीच.

गोष्ट बांगड्यांची होती. तुळशीबागेत मी पूर्वीही जायचे. टिकल्या घेतल्या, कानातली घेतली, पण दर वेळी 'बहिणीसाठी हवंय' असं सांगून. काचेच्या बांगड्यांचं तसं जमत नाही. त्या दुसऱ्याच्या नावावर भरता येत नाहीत, आपलाच हात पुढे करावा लागतो. त्या दिवशी मी तो केला. कासारीण पन्नाशीच्या पुढची असावी. "कुणाला हव्यात?" तिनं विचारलं. "मलाच," मी म्हटलं. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि म्हणाली, "बसा. अंगठा आत घ्या, मूठ सैल सोडा."

तुझा हात दोन-चारचा, म्हणजे बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच. मापातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या हिश्शांचा असतो, हे मला तिथेच बसून कळलं. माझा हात दोन-दहाचा निघाला, अडीच इंच आणि वर एक सूत. 'तुमच्या मापात येत नाहीत' असं ऐकायची मनाची तयारी करूनच मी गेले होते. पण तिच्याकडे दोन-बाराच्याही होत्या. "शेतात राबणाऱ्या बायकांचे हात तुमच्याएवढेच असतात की," ती म्हणाली, आणि बोटांची हाडं दाबत, जरा जरा फिरवत एकेक बांगडी चढवत गेली. रंग मी मोरपंखी निवडला. एक बांगडी चढताना वाढली, तिचे पैसे तिनं धरले नाहीत. हात भरून झाल्यावर मी वाकून तिला नमस्कार केला, आई करते तसा, तू करतेस तसा. तिनंही तो घेतला. तिथून मंडईपर्यंत चालत गेले, आणि हात हलला की किणकिण व्हायची. माझ्या हाताला आवाज आला होता, ताई.

तुला आपली गल्ली आठवते ना? कुणाच्या हातून झेल सुटला की पोरं ओरडायची, "बांगड्या भर हातात!" मला तर झेल पकडला तरी ओरडायची. वर्गात 'नाच्या' हे नाव पडलं ते दहावीपर्यंत सुटलं नाही. मला चिडवायला जी जी वस्तू काढली जायची ती मला मनापासून आवडायची, आणि हे तेव्हा कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. बांगडी म्हणजे दुबळेपणा, टिकली म्हणजे थट्टा, कंबर जरा हलली की हशा. ज्या गोष्टीनं माझी मान खाली जावी म्हणून सगळे झटले, तीच मी पैसे मोजून, नमस्कार करून हातात भरून घेतली. मला ती एवढीशी वाटत नाही.

आता तुझं आठव. दहावीच्या निरोप समारंभाला तू पहिल्यांदा साडी नेसलीस. आदल्या रात्रीपासून घरात धांदल होती. निऱ्या शेजारच्या काकूंनी घातल्या, खांद्यावरची पिन आईनं लावली, बाबा खास रोल घालून कॅमेरा घेऊन आले, आजीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. तो फोटो अजून घरी दिवाणखान्यात आहे. त्या दिवशी तुला कुणी विचारलं नाही, ह्याच्या पुढे काय म्हणून. पोर साडी नेसली, छान दिसली, घर आनंदलं, त्या दिवसाचं काम तेवढंच होतं. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. हेवा नव्हता. मला फक्त त्या गर्दीत मधोमध उभं राहायचं होतं आणि कुणीतरी माझ्याही निऱ्या सारख्या करायला हव्या होत्या.

परकर-पोलकं, पहिली मेंदी, मंगळागौर, डोहाळजेवण. आपल्या घरांत बाईच्या आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर कुणीतरी ओटी भरतं, औक्षण करतं, चार बायकांना बोलावून आणतं. मुलग्याचं बारसं, जावळ, मुंज, की मग थेट लग्न. मी ज्या वाटेनं निघाले आहे तिच्यावर एकही ठरलेला दिवस नाही. पंचांगात नाही, आजीच्या सणावारांच्या वहीत नाही. म्हणून माझे दिवस मीच ठरवते. एक वही केली आहे. काही घडलं की त्यात तारीख घालून दोन ओळी लिहिते, साजूक तुपातला शिरा करते, देवापुढे वाटी ठेवते आणि ज्या दोघी मैत्रिणींना सगळं माहीत आहे त्यांना चहाला बोलावते. अनोळखी माणसाला ह्यात काही दिसणार नाही. पण आनंदाला साक्षीदार लागतो, ताई. एकटीनं कोंडून ठेवलेला आनंद काही दिवसांनी अपराधासारखा वाटायला लागतो. मी कित्येक वर्षं तसाच ठेवला होता, म्हणून हे सांगते.

वहीत काय काय आहे ते तुला सांगावंसं वाटतं. नखांना आधी नुसतं पारदर्शक पॉलिश, मग एका शनिवारी डाळिंबी. काजळ लावून ऑफिसला गेले तो सोमवार. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फक्त "पसरत नाही वाटतं, कुठलं आहे?" एवढं विचारलं, आणि मी दिवसभर त्या प्रश्नावर जगले. कान. बारशाला सोनारानं टोचले होते, पुढे बुजत आले. ते मी पुन्हा मोकळे करून घेतले. पुण्यात एखाद्यानं भिकबाळी घातली तर पेशवाई थाट म्हणून कौतुक होतं. तोच कान, फक्त खालच्या पाळीत झुबा आला, तर अख्खी बस वळून बघते. मी दोन्ही घालून पाहिलं आहे. झुबा ठेवला.

सगळ्यात मोठी नोंद मात्र ब्लाउजची आहे. साडी मी युट्यूबवर बघून नेसायला शिकले. सुती घेतली, कारण खळ असलेल्या सुती साडीच्या निऱ्या बसतात आणि नवशिक्या हातातून ती सटकत नाही. फॉल-पिको करून आणली. पण ब्लाउज तयार घेतला तर खांद्यात घट्ट होतो आणि पुढे ढगळ. आमच्या गल्लीत लेडीज टेलर आहेत, वयस्कर गृहस्थ. त्यांच्या दुकानावरून मी किती वेळा पुढे गेले असेन. शेवटी कापड घेऊन आत शिरले आणि सांगितलं, "माझ्या मापाचा शिवायचाय." त्यांनी चष्मा वर केला, गळ्यातली टेप काढली आणि मापं घेऊ लागले. छाती, कंबर, खांदा, बाहीचा घेर. मग कामातला माणूस विचारतो तसं विचारलं, "गळा मागे केवढा? हुक पुढे की मागे? अस्तर लावायचं ना?" आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कटोरी नको. साधाच करू, टक्स कमी घेतो, खांद्याला अर्धा इंच वाढवतो, म्हणजे हात वर गेला तरी ओढणार नाही." माझं शरीर त्या माणसानं एक शिवणकाम म्हणून बघितलं. त्यात दया नव्हती, कुतूहल नव्हतं, ब्लाउज नीट बसला पाहिजे एवढीच आच होती. असा मान मला आजवर फार थोड्यांनी दिला आहे. ब्लाउज बसला. काखेत एक सुरकुती नाही. त्या संध्याकाळी मी पूर्ण साडी नेसून घरातल्या घरात स्वयंपाक केला, कणीक मळली, पदर खोचून भांडी घासली. फोटो काढायचा राहून गेला, इतकी मी त्या कामात रमले होते.

तू म्हणालीस, "आपल्याकडे हे चालत नाही." ह्यावर मी खूप विचार केला. आपल्याकडे काय काय चाललं ते बघ ना. १९११ मध्ये बालगंधर्व 'मानापमान'ची भामिनी झाले, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'ची सिंधू. त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने, केसांत फुलं माळायची त्यांची रीत घरंदाज बायकांनी उचलली. पुण्यात १९६८ मध्ये त्यांच्या नावानं रंगमंदिर उभं राहिलं, माझी बस रोज त्याच्यासमोरून जाते. वारीत पुरुष फुगडी घालतात. विठोबाला आपण विठाई म्हणतो, ज्ञानदेवांना माऊली. म्हणजे पुरुषाच्या अंगावरचं बाईपण आपल्या डोळ्यांना सवयीचं आहे, ते आपण डोक्यावरही घेतलं आहे. फक्त ते रंगमंचावर हवं, नाहीतर देवाच्या दारात. पडदा पडला की पुसून टाकायचं. आणि ज्या कलावंताला आपण गायकनट म्हणून न पूजता हसण्यासाठी ठेवलं, त्याच्या वाट्याला काय आलं? गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका खरा उभा केला की पडद्याबाहेरही लोकांनी त्यांना त्याच नजरेनं पाहिलं. त्यांच्याबद्दल वाचताना मला माझा वर्ग आठवतो आणि राग येतो, त्यांच्यासाठीही. मला रंगमंच नको आहे. मला मंगळवारी सकाळी दूध आणायला जाताना झुबे घालायचे आहेत.

आणि कायद्याचं म्हणशील तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्याच्या निकालात सांगितलं आहे की आपली लिंगओळख कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं कात्रण मी कॉलेजच्या वहीत जपलं होतं. तरी काजळाची पहिली रेघ ओढायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. न्यायालयानं दार उघडून दिलं, उंबरठा ज्याचा त्यालाच ओलांडावा लागतो.

सगळं गोड आहे असं तुला वाटू नये. संध्याकाळी उशीर झाला तर मी झुबे काढून पर्समध्ये ठेवते. एका वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून 'क्लायंटसमोर जरा नीट' असं सुनावलं, आणि त्या आठवड्यात मी नखं पुसून टाकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा रंगवली. पुसल्याची नोंद वहीत नाही, रंगवल्याची आहे. कुठल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या ते मी ठरवलं आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. पुढे काय? माझ्यासारख्या कुणी डॉक्टरांकडे जातात, हार्मोन्स घेतात, शस्त्रक्रिया करतात, कागदोपत्री नाव बदलतात. कुणी ह्यातलं काहीच करत नाहीत आणि आयुष्यभर आनंदानं बांगड्या घालतात. मी कुठे जाऊन पोचेन ते मला आज ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळे माझी झोप उडत नाही. पण एक मला पक्कं वाटतं. बांगड्या हा कुठल्या मोठ्या गोष्टीचा हप्ता नव्हता. तो दिवस त्या दिवसापुरता पूर्ण होता. उद्या मी पुढे गेले तरी तो तसाच राहील, आणि इथेच थांबले तरी तो वाया गेला असं होणार नाही. तुझ्या पहिल्या साडीचं मोल तुझ्या लग्नानं ठरलं नव्हतं. माझ्या ह्या दिवसांकडेही तू तसंच बघावंस असं मला फार वाटतं. मला तुझी परवानगी नको आहे, ती मी मागत नाही. मला तू हवी आहेस. ज्या दिवशी मी साडी नेसून जिना उतरेन त्या दिवशी मागून पदर सारखा करणारं कुणीतरी आपलं असावं, आणि ती तू असावीस.

गौरींना मी येते आहे. मुखवटे बसवायला दर वर्षी तू आणि काकू असता, ह्या वेळी निऱ्या घालायला मला घ्या. बांगड्या काढून येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. चिनूनं विचारलं तर मामाला बांगड्या आवडतात असं सरळ सांग, लहान मुलांना तेवढं पुरतं. भावजींना तू सांगितलंयस का ते कळव. आईला मात्र काही बोलू नकोस. व्हिडिओ कॉलवर तिनं माझी नखं बघितली आहेत, विचारलं काही नाही. तिला मीच सांगणार आहे, समोर बसून, गौरी जेवल्यावर.

आणि हो, तुझी ती जुनी निळी इरकल, जिचा काठ विरत चाललाय म्हणून तू नेसत नाहीस, ती बाजूला काढून ठेव. इथे रफू करणारे चांगले आहेत, फॉलही नवा लावून घेते. ब्लाउजपीस देऊ नकोस. माझं माप टेलरकाकांच्या वहीत आहे, खण मी इथूनच घेईन.

भावजींना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझी,
सोनू