छातीशी धरलेली पुस्तके

आमच्या गल्लीत माझी ख्याती विदुषी म्हणून आहे. येता-जाता माझ्या छातीशी एखादे जाडजूड पुस्तक असतेच, तेव्हा लोकांचा समज होणे साहजिक आहे. पण दिवाळीच्या दिवसांत खोटे बोलू नये. पुस्तकाची निवड मी विषयावरून करीत नसे, जाडीवरून करीत असे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. तेथे जाड पुस्तकांना तोटा नाही. सहाशे पानांची एखादी कादंबरी दोन्ही हातांनी उराशी कवटाळली की रविवार कारंज्यावरच्या गर्दीतून मान खाली घालून निभावून जाता येते.

तेराव्या वर्षापर्यंत मी शाळेच्या लंगडीच्या संघात होते. पुढे वर्षा-दीड वर्षात माझे शरीर असे काही वाढले की बाकीची मी मागेच राहिले. धावले की मुले हसत आणि बाई नजर दुसरीकडे वळवीत. मी संघातून नाव काढून घेतले. मैत्रिणी पावसाळ्यात अंजनेरीला चढायला निघाल्या की मला नेमका ताप येई. शिंपीदादांनी माप घेतले की मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

लाज एक वेळ सोसते, पण दुखणे सोसवत नाही. मान आणि पाठ सदा भरून आलेली. उन्हाळ्यात स्तनांखाली घामाने चट्टे उठत. आतल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडल्या. एका डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर, "लग्न झालं की सगळं आपोआप बरं होईल," असा सल्ला फुकट दिला. लग्नाचा आणि मानेच्या दुखण्याचा संबंध मला अजून उमगलेला नाही.

स्तनांचा भार शस्त्रक्रियेने कमी करता येतो हे मला कळले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आईजवळ विषय काढला. "देवानं दिलेल्या धडधाकट शरीराला सुरी लावायची? आणि लोक काय म्हणतील?" एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. पुढे वर्षभर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मला तेल लावीत होती. पुष्कळ वर्षांत मी तिला लावू दिले नव्हते. त्या दिवशी का कोण जाणे, पाटावर बसले. खांद्यावरून फिरणारा तिचा हात एकाएकी थांबला. तिचे बोट त्या खाचेत अडकले होते. बोटाचे अर्धे पेर त्यात सहज बसत होते.

"हे केव्हापासून?"

"नववीपासून."

तिने दुसरा खांदा चाचपून पाहिला. बाहेर फटाके वाजत होते. ती काही बोलली नाही. पण उटणे लावताना तिचा हात इतका हलका झाला होता की मी लहानपणी पडून गुडघा फोडून घेई, त्याची आठवण झाली. भाऊबीज होताच तिने आपण होऊन विचारले, "त्या डॉक्टरांची वेळ कधी मिळेल?"

डॉक्टरीणबाई प्लास्टिक सर्जन. आईची कल्पना अशी, की आत प्लास्टिक बसवतात! बाई हसल्या नाहीत. हा शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ घडवणे, आकार देणे, असे त्यांनी समजावून सांगितले. मग कागदावर चित्र काढले. पूर्ण भूल देऊन दोन ते चार तासांची शस्त्रक्रिया. जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढायची. स्तनाग्राचा रक्तपुरवठा राखून ते वर घ्यायचे. काढलेला भाग तपासणीला पाठवायचा. व्रण बहुधा गलबताच्या नांगराच्या आकाराचा राहतो. तो वर्षभरात फिका होतो, पण पुसला जात नाही. संवेदना कमी होऊ शकते.

आई पदराशी चाळा करीत होती. "पुढे बाळाला पाजता येईल ना?"

"पुष्कळ जणींना येतं. काहींना दूध कमी येतं, काहींना येतच नाही. मी शब्द देऊ शकत नाही."

घरी येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. त्या रात्री मला झोप आली नाही. अजून ज्याचा पत्ता नाही अशा मुलाच्या वाट्याचे मी आजच देऊन टाकते आहे की काय, असे वाटू लागले. मी तारीख ठरवली नाही. दोन महिने तशीच राहिले.

कोंडी फोडली आजीने. माळ जपता जपता ती म्हणाली, "तुझ्या बापाला मी पुरी पडले नाही. शेजारच्या वहिनींनी पाजलं त्याला. वाढलाच ना? तुला काय त्याच्यात कमी दिसतं?" बाबा वर्तमानपत्रामागे आणखीच लपले. ही गोष्ट त्यांनीही प्रथमच ऐकली असावी.

नाशिकच्या माणसाला या शास्त्राचे परके वाटू नये. आमच्या गावाचे नावच नासिकेवरून पडले असे सांगतात. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते येथे. लहानपणी ती गोष्ट ऐकताना आम्ही मुले हसत असू. आता हसू येत नाही. चारचौघांत स्त्रीच्या शरीराची झालेली शोभा मला फार ओळखीची वाटते. नाक जोडण्याची विद्याही आपल्याकडचीच. सुश्रुतसंहितेत ती सांगितली आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. १७९४ साली ती हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली, आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने तिच्या आधारे तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजी नाकाशिवायही जगला असताच. पण त्याला मान वर करून चालायचे असेल. मला त्याचे म्हणणे समजते.

आता तुळशीचे लग्न झाले की माझी तारीख आहे. घरात कार्याची तयारी चालावी तशी तयारी चालली आहे. रक्त तपासून झाले, हृदयाचा आलेख निघाला, सोनोग्राफी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि घरगुती काढेही डॉक्टरांना विचारल्यावाचून प्यायचे नाहीत. शस्त्रक्रियेआधी मला उभी करून शाईने खुणा करतील. नंतर काही आठवडे हात उंच करायचा नाही, जड उचलायचे नाही. म्हणून बाबांनी वरच्या फळीवरचे माझे सगळे सामान खाली आणून ठेवले. बोलले मात्र काहीच नाहीत. कपडे पुढून उघडणारे हवेत, असे मी म्हणाले तेव्हा आजीने पेटीतून मऊ जुने लुगडे काढले. "मग आमची चोळी काय वाईट? पुढं गाठ मारायची की झालं." तिने दोन चोळ्या हाताने शिवल्या आहेत. माप घेताना तिने मला, "सरळ उभी राहा," म्हटले आणि मी राहिले.

परवा चकल्या पाडायला शेजारच्या काकू आल्या होत्या. "कसलं गं ऑपरेशन?" त्यांनी विचारले. आई आता मानेचे नाव सांगणार, असे मी धरून चालले होते.

"छातीचं," आई सोऱ्या फिरवीत म्हणाली. "भार होतो तिला. किती वर्षं सोसायचं?"

काकू काही वेळ चकल्यांची टोके दाबीत राहिल्या. निघताना दारात थांबून त्यांनी हळूच डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागितला. धाकटीसाठी हवा होता.

भीती वाटत नाही असे नाही. भूल उतरताना कसे वाटेल, टाके किती ओढतील, आरशातली मी मला ओळखू येईन का, हे प्रश्न रात्री येतातच. तरी काल वाचनालयात जाऊन जाड कादंबरी परत केली. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणात वाचायला एखादे पातळ, हलके पुस्तक हवे होते. खूप शोधल्यावर एक मिळाले. येताना ते पिशवीत टाकले आणि दोन्ही हात मोकळे सोडून घरी आले.