उचल आणि कृपा

रविवारच्या शाळेत मुलांस बायबलातील गोष्टी सांगण्याचे काम आम्ही गेली बावीस वर्षे करीत आहो. दाविदाने गल्याथास गोफणीने कसे पाडले, योना माशाच्या पोटात तीन दिवस कसा राहिला, हे सांगताना आमची जीभ कधी अडखळली नाही. ती अडखळते एकाच विषयाशी. आणि दैवयोग असा की, ज्याच्यासाठी बाकीच्या साऱ्या गोष्टी सांगावयाच्या तो विषय हाच. देव मनुष्यास जवळ करतो तो त्याची लायकी पाहून नव्हे, ती नसतानाच, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा होय. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो युक्तिवादाने मांडला. ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा पाचव्या शतकाच्या आरंभीचा वाद त्यावरूनच पेटला. पुढे ल्यूथरने त्याच्याच बळावर अर्धा युरोप हालवून सोडला. एवढ्या थोरांस जो प्रश्न पुरून उरला तो दहा वर्षांच्या मुलास पाऊण तासात समजावून द्यावयाचा, आणि तोही नाताळच्या नाटुकल्याची तालीम सांभाळून!

ल्यूथरला ही अडचण ठाऊक असावी. १५२९ साली त्याने घरच्या कर्त्याने मुलाबाळांस शिकवावी म्हणून एक लहानशी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत तो देवाच्या देणग्या मोजू लागतो तेव्हा एकदम स्वर्गाची भाषा बोलत नाही. अंगावरचे कपडे, पायांतले जोडे, ताटातले अन्न, राहते घर, यांची नावे घेतो, आणि यांतले काहीही आपल्या योग्यतेने मिळालेले नाही असे सांगतो. ही रीत आम्हांस फार आवडते. श्रीवैष्णवांतील मार्जारन्यायही आम्ही वर्गात सांगत असतो: माकडाचे पिलू आईस घट्ट धरून राहते, मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्यास तोंडात धरून नेते. मुलांस मांजर ताबडतोब पटते. पण पिलाच्या मनात ‘हे आपण मिळवले का?’ असा प्रश्न उठत नाही. मुलाच्या मनात तो उठतो, आणि दृष्टांत तेथेच संपतो.

आमचे गाव साखर कारखान्याचे. दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू होतो, बीड आणि अहिल्यानगरकडच्या ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आवारामागे त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि आईबापांबरोबर मुलेही येतात. काही वर्षांमागे अशीच एक मुलगी नोव्हेंबरात आमच्या वर्गात येऊन बसू लागली. वर्गात एक मुलगाही होता, मंडळीतल्याच एका घरचा. नाताळापूर्वी पवित्र शास्त्रातील बारा उतारे जो तोंडपाठ म्हणून दाखवील त्यास कातडी बांधणीचे बायबल देऊ, असे आम्ही जूनमध्ये जाहीर केले होते. बाराच्या बारा म्हणून दाखवणारा हा एकटाच निघाला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत घेतला. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणि अखेर अकराव्या तासालाही लावतो. सूर्य मावळल्यावर सर्वांस सारखाच एकेक दिनार देतो, आणि देतो तो शेवटी आलेल्यांपासून आरंभ करून.

“गुरुजी, हा अन्याय आहे,” तो मुलगा म्हणाला. “आणि पहिल्यांना आधी पैसे दिले असते तर ते घरी गेले असते. भांडण झालंच नसतं.”

कित्येक उपदेशकांस न सुचलेली गोष्ट हे पोर सहज बोलून गेले. तो दृष्टांत अन्यायाचा वाटला नाही, तर तो ऐकलाच नाही असे आमचे मत आहे.

तेवढ्यात मागून ती मुलगी म्हणाली, “ते शेवटचे आळशी नव्हते. दिवसभर अड्ड्यावर बसले होते. त्यांना कुणी नेलंच नाही.”

खरोखर शास्त्रातही ते मजूर हेच उत्तर देतात. आम्हांस उत्साह चढला, आणि आम्ही सांगू लागलो की, देव असाच आहे. आपण काही करण्यापूर्वीच, आपण मागण्यापूर्वीच, तो देऊन ठेवतो.

“म्हणजे उचल?” तिने विचारले.

ज्या वाचकांस हा शब्द परका असेल त्यांच्यासाठी सांगतो. हंगामापूर्वी मुकादम नवराबायकोच्या जोडीस, म्हणजे एका कोयत्यास, आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती ऊस तोडून फेडावयाची असते. न फिटल्यास बाकी पुढच्या सालावर चढते. आधीच हाती पडलेला पैसा म्हणजे पुढे पायांत पडलेली बेडी, हे त्या मुलीने कोपीत बसून पाहिले होते. आम्ही म्हणालो, “उचल नव्हे. हे फेडायचं नसतं.” यावर ती काही बोलली नाही. पण तिने आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने तिचा बाप मुकादमाच्या वहीकडे पाहत असावा.

त्या दृष्टीने आम्हांस अस्वस्थ केले. आठवडाभर विचार करून आम्ही एक युक्ती काढली, आणि तीबद्दल मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. नाताळच्या दिवशी पाठांतराचे बक्षीस म्हणून काही द्यावयाचेच नाही. जून महिन्यापासून आलेल्यास आणि नोव्हेंबरात आलेल्यास, पाठ असणाऱ्यास आणि नसणाऱ्यास, सर्वांस शुभवर्तमानाचे एकेक रंगीत चित्रपुस्तक द्यावयाचे. कृपा म्हणजे काय ते मुलांस हातात धरून कळेल! त्याप्रमाणे केले. मुले आनंदली. तो मुलगा मात्र देवळामागे जाऊन रडत उभा राहिला. आम्ही त्याच्याजवळ गेलो आणि, लिहितानाही लाज वाटते, त्यास म्हणालो, “अरे, तू तर त्या पहिल्या मजुरांसारखा कुरकुरतोस.”

तो म्हणाला, “गुरुजी, त्यांना त्यांचा दिनार मिळाला होता.”

त्या रात्री आम्ही तो अध्याय पुन्हा काढून वाचला. पोराचे म्हणणे खरे होते. पहाटेच्या मजुरांशी धन्याने एक दिनार ठरवला होता, आणि त्यात एका कवडीचीही कसर केली नाही. शेवटच्यांस जे अधिक दिले ते त्याने आपल्या पदरचे दिले. आमचे औदार्य त्या मुलाच्या पदरातून गेले होते. बावीस वर्षे ज्या दृष्टांतावर आम्ही बोलत आलो त्यातील हा एक साधा व्यवहार आमच्या नजरेतून निसटला, आणि वर तोच दृष्टांत आम्ही अन्याय झालेल्याचे तोंड मिटवण्यास वापरला. मोठी माणसे हे पुष्कळ वेळा करतात. ज्याचे घेतले त्यासच क्षमेचा पाठ देतात.

पुढल्या आठवड्यात शहरातून कातडी बांधणीचे बायबल आणवून आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि आईबापांदेखत त्याची क्षमा मागितली. त्याची आई अगदी ओशाळून गेली. “अरे, गुरुजी माफी मागतायत! म्हण की माफ केलं म्हणून.” मुलाने पुस्तक उघडून पहिल्या कोऱ्या पानावर हात फिरवला आणि म्हणाला, “विचार करतो.” आईने डोळे वटारले. आम्ही चहा घेऊन उठलो. दोन रविवार तो वर्गात आला, पण आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या रविवारी हजेरीची वही घेऊन आपण होऊन आमच्या टेबलाशी आला आणि नावे वाचू लागला. त्या गोष्टीचा उल्लेख त्याने केला नाही, आम्हीही केला नाही.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली तेव्हा ती मुलगी एका संध्याकाळी आमच्या दारात आली. ते चित्रपुस्तक तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. परत करावयास.

“ते तुझंच आहे,” आम्ही म्हणालो.

“वहीत लिहिलंय का?”

“नाही.”

“बघू.”

आम्ही हजेरीची वही आणून तिच्यापुढे धरली. आपले नाव तिने शोधून काढले. नोव्हेंबरापासूनच्या खुणांवरून बोट नेत नेत ती ओळीच्या टोकापर्यंत गेली. तेथे काही आकडा नव्हता. मग तिने पान उलटून मागची बाजूही पाहिली. वही आमच्या हाती देऊन तिने पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले, काखेत धरले, आणि कोप्यांच्या दिशेने निघून गेली.