गंगईची ओळख

रायपूरच्या शंकर नगरात श्रावणातली संध्याकाळ लवकर अंधारते. पाऊस नुकताच उघडलेला असतो, ओसरीवरचा दिवा लागतो आणि पाहता पाहता त्याच्याभोवती बारीक जीवांची दाटी होते. घरातले कुणी वर नजर टाकते, ‘चिलटे आली’ असे म्हणते आणि दिवा मालवून दार लोटून घेते. ‘चिलट’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. दिव्यावर येणारे जे जे बारीक, ते ते त्यात मावते आणि ओळख करून घेण्याचा त्रास वाचतो. मात्र त्या दाटीत तीन-साडेतीन मिलिमीटर लांबीची, काटकुळ्या पायांची, तांबूस पोटाची एखादी माशी असू शकते. डासासारखी दिसणारी ही माशी चावत नाही. तिचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे. पण तेवढ्या अवधीत ती शे-दोनशे अंडी घालून जाते. छत्तीसगडचा शेतकरी तिला ‘गंगई’ म्हणतो. महामार्गाने पश्चिमेकडे गेले, की भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तीच ‘गादमाशी’ होते.

शेतकऱ्याने माशी क्वचितच पाहिलेली असते; त्याने पाहिलेला असतो तो पोंगा. अंड्यातून निघालेली अळी पानांवरच्या ओलाव्यातून सरकत धानाच्या वाढत्या कोंबापर्यंत पोहोचते आणि तेथे खाऊ लागते. तिच्या वास्तव्याने कोंबाची रीतच बदलते. जिथे पान आणि पुढे लोंबी यायची, तिथे कांद्याच्या पातीसारखी पोकळ, फिकट चंदेरी नळी वर येते. त्या फुटव्याला पुन्हा लोंबी धरत नाही. नळीच्या आत कोष आपल्या पाठीवरच्या काट्यांच्या आधाराने वर चढतो, टोकाशी भोक पाडतो आणि रात्री माशी बाहेर पडते. भोकात अडकलेली पारदर्शक कात सकाळी दिसते, तेव्हा चोर निघून गेलेला असतो. पाऊस लांबला, बियासी किंवा रोवणी मागे पडली आणि पुढे आभाळ दाटून राहिले, की अशा नळ्या बांधीभर दिसू लागतात.

पोंगा दिसला, त्याला नाव मिळाले. मग शास्त्राने आणखी एक नाव कशासाठी द्यावे, असा प्रश्न पडतो. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वूड-मेसन यांनी १८८९ मध्ये या माशीला ‘सेसिडोमिया ओरायझी’ असे नाव दिले. पुढे दीर्घकाळ ती ‘पॅकिडिप्लोसिस ओरायझी’ होती आणि १९७० च्या दशकापासून ती ‘ऑर्सिओलिया ओरायझी’ म्हणून ओळखली जाते. नावांचा हा फेरा बाहेरच्या माणसाला पंडितांचा खेळ वाटतो. त्या फेऱ्यामागचे काम मात्र अतिशय कष्टाचे आहे. ही माशी टाचणीवर टोचून ठेवता येत नाही. वाळली की ती सुरकुतून जाते. ती मद्यार्कात ठेवायची, नंतर तिचे अवयव सुटे करून काचपट्टीवर बाल्समच्या थेंबात बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्पर्शिकेचे मणी, पंखांतल्या मोजक्या शिरा, नराच्या जननांगांची घडण आणि कोषाच्या डोक्यावरचे काटे न्याहाळायचे. शेजारी एक चिठ्ठी लावायची: ठिकाण, तारीख, वनस्पती, संग्राहक. चार ओळींची ही चिठ्ठी नसेल, तर उत्तम जतन केलेली माशीही निरुपयोगी ठरते.

भारतात या कुळाच्या अभ्यासाला एम. एस. मणी यांनी आयुष्य दिले. झाडांवरच्या गाठींवरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो जगभर वाचला गेला. त्यांच्या आधी आणि त्यांच्या काळातही भारतातले अनेक नमुने समुद्रापार जात. अमेरिकेतील ई. पी. फेल्ट यांनी अशाच नमुन्यांवरून कित्येक भारतीय जातींची वर्णने केली. त्यांपैकी १९२१ मधली एक माशी कोद्र्यावरची होती.

कोदो म्हणजे कोद्रा. छत्तीसगडच्या उंचवट्यावरच्या, हलक्या जमिनीचे हे धान्य. जिथे भात पिकत नाही तिथल्या घरांची चूल त्याने पेटती ठेवली आहे. या कोद्र्यावरही पोंगा येतो आणि तो धानाच्या पोंग्यासारखाच दिसतो. बांधावर किंवा शेजारच्या टिकरीवर तो पाहणाऱ्याने काय समजावे? कीड येथे दबा धरून बसते आणि पावसाळ्यात धानात उतरते, असाच तर्क कोणीही करील. आणि तर्क खरा मानला तर कोद्रा उपटून टाकणे हाच उपाय ठरतो. पण कोद्र्यावरची माशी निराळी आहे. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ रेमंड गान्ये यांनी १९८५ मध्ये धानावरील माशी आणि तिचे गोतावळ्यातले नातलग यांची नव्याने मांडणी केली, तेव्हा गवतागवतांवरच्या जातींतला हा भेद अधिक स्पष्ट झाला. कोद्र्याची माशी धानावर जगत नाही. उलट गंगईला खरा आसरा मिळतो तो रानटी धानात. हेच ते पसहर, ज्याचा भात कमरछठीच्या उपासाला छत्तीसगडच्या आया मुलांसाठी श्रद्धेने खातात. काचपट्टीवरच्या बारीक काट्यांनी कोद्र्याला निर्दोष ठरवले आणि संशय ज्याच्यावर कधी गेलाच नसता, त्या देवाच्या धान्याकडे बोट दाखवले.

ही गोष्ट आफ्रिकेत आणखी पुढे गेली. तेथील धानावरची माशी आशियातलीच आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. १९८२ मध्ये हॅरिस आणि गान्ये यांनी ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून तिला ‘ओरायझिव्होरा’ असे नाव दिले. १९९९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या कोद्र्याच्या जातगवतावरची माशीही वेगळी निघाली. गमतीचा भाग पुढेच आहे. या दोन माश्या एकमेकींच्या पिकावर जात नाहीत. मात्र त्यांना मारणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या दोघींवरही पोसल्या जातात. म्हणजे बांधावरचे ते गवत किडीचे माहेर नसून किडीच्या वैऱ्यांची छावणी होते. नाव चुकीचे असते तर छावणीच उद्ध्वस्त झाली असती, आणि तीही शेतकऱ्याच्याच हाताने.

तरीही नावाला मर्यादा आहे. धानाच्या ज्या जातींना रायपूरची गंगई शिवत नाही, त्यांपैकी काहींवर दुसऱ्या प्रदेशातली गंगई सुखाने वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच दिसतात. फरक कळतो तो ठरावीक वाण शेजारी शेजारी लावून पाहिल्यावर. अभ्यासकांनी अशा गटांना ‘जीवप्रकार’ म्हटले. रायपूरची माशी पहिल्या प्रकारात मोडते, आंध्रातल्या श्रीकाकुलमची आणि भंडारा भागातली चौथ्या. नागपूर-रायपूर महामार्गावरच्या एका दिवसाच्या प्रवासात जात तीच राहते, पण स्वभाव बदलतो. म्हणून ‘धानावर आढळली’ एवढी नोंद पुरत नाही. कोणत्या गावच्या, कोणत्या वाणावर, हेही लिहावे लागते.

येथे माशीची नोंद आणि धानाची नोंद एकमेकींना भेटतात. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरला राहून छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातले हजारो देशी वाण नावानिशी गोळा केले. त्यांची संस्था १९७६ मध्ये बंद पडली, वाणांचा साठा मात्र रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे राहिला. याच रायपूरच्या अभ्यासकांनी २००० मध्ये ‘झिटपिटी’ नावाच्या धानात गंगईला दाद न देणारा एक नवा जनुक असल्याचे नोंदवले. क्रमवारीत तो आठवा. कुण्या शेतकऱ्याच्या घराने ते बियाणे आणि त्याचे नाव दोन्ही जपले नसते, तर शोधायला काही उरले नसते.

या माश्यांच्या कुळातल्या साडेसहा हजारांहून थोड्या अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत. २०१६ मध्ये कॅनडातील अभ्यासकांनी जनुकीय खुणांवरून अंदाज बांधला तेव्हा जगभरातली संख्या अठरा लाखांवर गेली. अंदाज अर्धा खोटा ठरला तरी नावे मिळालेल्या जाती मूठभरच राहतात. हे काम करणारी माणसे मात्र दिवसेंदिवस विरळ होत आहेत. काचपट्टीवर एका माशीसाठी आठवडा घालवणे कोणालाच परवडत नाही.

शंकर नगरातल्या ओसरीवर पुन्हा दिवा लागतो. सकाळी केरसुणीच्या फटकाऱ्यासरशी फरशीवरचा तो बारीक, तांबूस-करडा केर पायरीखाली जातो. त्यात गंगई होती की कोद्र्याची निरपराध माशी, की आजवर कोणीच न पाहिलेली तिसरी कुणी, हे सांगणारी चिठ्ठी त्या केराबरोबर नसते.