आरशाला तडे पाडताना

घरातला आरसा फुटला की आपल्याकडे दोन गोष्टी ताबडतोब होतात. कुणीतरी 'चपला घालून या रे' म्हणून ओरडते आणि कुणीतरी 'अपशकुन झाला' म्हणून पुटपुटते. केर भरण्यापूर्वी त्या तुकड्यांत वाकून पाहावे, असे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला गेल्या जानेवारीत हाच उद्योग चांगला तीन आठवडे करावा लागला. फरक इतकाच की माझा आरसा संगणकाच्या पडद्यावर होता आणि तो फोडण्याचे कामही माझ्याकडेच होते.

स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक एकांकिका बसवली होती. सासर सोडून माहेरी आलेल्या एका बाईची गोष्ट. आमच्या दिग्दर्शक-दादांनी फर्मान काढले, "पोस्टरवर फुटका आरसा पाहिजे. त्यात तिचा चेहरा, तुकडे तुकडे झालेला. बघणारा हादरला पाहिजे!" नायिका काही तालमीतून मोकळी होईना. तेव्हा सरावासाठी मी घरातलाच एक चेहरा घेतला. माझी मावशी. बारा वर्षांपूर्वी ती एक पिशवी घेऊन ताथवड्याला आमच्याकडे आली ती इथलीच झाली. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटते. "काढ बाई फोटो, पण पदर नीट घेऊ दे," एवढीच तिची अट होती.

आमच्या घरचा संगणक जुना. त्यावर 'गिंप' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. गिंप १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी लोकांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, यात मला उगीचच आपलेपणा वाटला.

पुष्कळ जण काय करतात, तर तडे गेलेल्या काचेचे एक तयार चित्र आणून फोटोवर पसरवतात. ते दिसते छान. पण तो आरसा नव्हे. ती नुसती फोटोच्या चौकटीची फुटकी काच. आरसा फुटतो तेव्हा प्रतिमा कापली जात नाही. प्रत्येक तुकडा स्वतःच एक लहानसा आरसा होतो आणि आपापल्या कोनातून समोरचे जग नव्याने दाखवू लागतो. शाळेत शिकलो तो नियम इथे कामाला येतो : आरसा एका अंशाने कलला, तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. म्हणून तुकडा किंचित हलला तरी त्यातला चेहरा भलताच सरकतो. एकच डोळा शेजारच्या दोन तुकड्यांत दिसतो आणि कान कुठल्याच तुकड्यात सापडत नाही.

हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे काम फक्त चिकाटीचे. आधी फोटो आडवा उलटवायचा, कारण आरशात डावे-उजवे बदलते. मग घाव कुठे बसला तो बिंदू ठरवायचा. तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा बाहेर जातात आणि त्यांना जोडणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा आडव्या येतात. घावाजवळ तुकडे बारीक, कडेला मोठे. प्रत्येक तुकड्याची हद्द निवडून त्याचा वेगळा लेयर करायचा, आणि त्या हद्दीच्या आत मूळ फोटो थोडा सरकवायचा, दोन-तीन अंश फिरवायचा, एखादा उजळ तर एखादा मंद करायचा. कडेला एका बाजूने बारीक पांढरी रेघ, दुसऱ्या बाजूने काळी. मात्र उजेड सगळीकडे एकाच दिशेने आलेला हवा. एखादा तुकडा पडलेलाच दाखवावा. तिथे मागचा तपकिरी प्लायवुड दिसला की आरसा खरा वाटू लागतो. माझे असे सत्तेचाळीस तुकडे झाले.

काच कशी फुटते ते बघायला मला लांब जावे लागले नाही. ताथवड्याला खेटून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. आजोबा सांगतात ते नरसिंहाचे देऊळ, शेते आणि सरकारी वळूंचे केंद्र एवढेच गाव आता राहिले नाही. २००९ मध्ये आम्ही पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलो आणि मग टोलेजंग इमारतींत. रस्त्याकडेच्या गॅरेजांसमोर मोटारींच्या काचा पडलेल्या असतात. दारांच्या काचांचा खडीसाखरेसारखा चुरा होतो, कारण ती तापवून कडक केलेली काच. समोरची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागची सुटत नाही. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. घरातला साधा आरसा दोन्हींहून वेगळा. त्याचे लांब, टोकदार सुरे होतात. एका गॅरेजवाल्या काकांनी मला चुरा चिवडताना पाहून विचारले, "काय हरवलंय काय, बाळ?"

एका संध्याकाळी मावशी पाळी संपवून आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"हे माझं तोंड?"

"हो. पोस्टरसाठी असंच करायचंय."

तिने बोट लावून मोजले. "एक, दोन, तीन डोळे! देवी दिसतीय की मी." ती हसली. मग बराच वेळ बघत राहिली. "पण मी कुठं फुटले होते गं? मी तर धड निघून आले. आरसा तिथंच राहिला."

ती चहा ठेवायला आत गेली. मी माउस सोडून तशीच बसले.

त्या रात्री मला 'कुंकू' आठवला. प्रभातचा, १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायला साफ नकार देते. केशवराव दाते यांचे काकासाहेब आरशापुढे येतात, आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांतून त्यांचेच वय त्यांच्याकडे पाहू लागते. ऑर्सन वेल्सने 'द लेडी फ्रॉम शांघाय'च्या शेवटी आरशांचे दालन गोळ्यांनी फोडले ते १९४७ साली. आपल्या पुण्यात, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, हे दहा वर्षे आधी झाले होते. आणि सॉफ्टवेअर तर सोडाच, संगणकही नव्हता. पण मला त्या रात्री कौतुक वाटले ते वेगळ्याचेच. प्रभातने चेहरा फोडला तो काकासाहेबांचा. नीरा अखंड आहे.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी हे बोलले. दादा म्हणाले, "अगं, बाईचा तुटका चेहरा दिसला की लोकांना विषय लगेच कळतो."

"तोच तर मुद्दा आहे, दादा. लगेच कळतो, कारण दरवेळी तिचाच तोडतात."

वाद बराच चालला. नायिका माझ्या बाजूने, नेपथ्यवाले त्यांच्या. कोपऱ्यात बसलेले मराठीचे सर एवढेच म्हणाले, "दोन्ही करून आणा की."

मी दोन्ही केली. पहिल्यात नायिकेचा चेहरा, दादांना हवा तसा. दुसऱ्यात तुकड्यांत घर होते : एका तुकड्यात मिशी, एकात बांगड्यांचा हात, दोन तुकड्यांत तोच एक उंबरा. मधला मोठा तुकडा मी पाडला. तिथे नुसता प्लायवुड. ती आरशात नव्हतीच. दादांनी ते पोस्टर दोनदा जवळ जाऊन पाहिले आणि पहिले कँटीनपाशी लावायला सांगून हे सभागृहाच्या दाराशी लावले. कारण विचारले तर म्हणाले, "तिथे उजेड बरा आहे."

मावशीची मागणी मात्र तिसरीच होती. तिला तो मूळ फोटो हवा होता, न फोडलेला, पण उलटवलेला. सुलट फोटोत तिला भांग आणि नाकाची चमकी चुकीच्या बाजूला वाटत होती. आयुष्यभर आरशातच पाहिलेले तोंड ते! चार बाय सहाचा छापून दिला. तो तिने कामावरच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवला आहे. "आरसा लावू देत नाहीत," म्हणाली, "फुटला तर पिठात जाईल म्हणून."