डेंट जुनाच आहे म्हणे!

मागून ठोकणाऱ्याची चूक, हे शेंबडं पोरही सांगेल असं मला वाटायचं. नेकनूरच्या अलीकडे पंधरा-वीस माणसांनी मला त्याच्या उलट पटवायचा प्रयत्न केला. तो राग अजून गेलेला नाही.

दिवाळीच्या आसपासचे दिवस. मांजरसुंब्याहून केजला, घरी चाललो होतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. ट्रॅक्टर थांबला, मी थांबलो आणि मागून पिकअपनं दिली. लागलं कुणालाच नाही.

पिकअपमध्ये सीताफळाचे कॅरेट. ड्रायव्हर विशीतला पोरगा. उतरल्या उतरल्या मलाच म्हणतो, "सर, कामून ब्रेक मारला हो?"

माझ्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला एक ओरखडा होता, आमच्याच गेटचा. धूळ बसून काळा पडलेला. पोरानं नेमकं त्यावर बोट ठेवलं. "हे बघा, जुनंच हाये सगळं." मी म्हटलं, बाबा, तो जुनाच आहे, पण हा मधला बघ. मधोमध बंपर आत गेला होता, तडकलेल्या कडेचे रंगाचे पापुद्रे हाताला येत होते आणि त्याच्या गार्डचा निळा रंग माझ्या पांढऱ्या गाडीला लागला होता. नखानं खरवडून दाखवला. एक माणूस वाकून बघेल तर शपथ! सगळ्यांची नजर नंबरप्लेटवर. एमएच-१२. "पुण्याची पार्टी दिसती," कुणीतरी म्हणालं. निकाल तिथंच लागला.

गाडी मी पुण्यातून जुनी घेतलेली. राज्यातल्या राज्यात मालकाचं नाव बदलतं, नंबर तोच राहतो. मी केजचा आहे हे सांगून घसा बसला. "असू द्या ना सर, गरिबाचं पोरगं हाये. तुम्हाला काय कमी?" शेवटी एका टोपीवाल्या काकांनी निवाडा केला, "दोघांचंबी चुकलं. पाचशे घ्या अन् व्हा पुढं."

दोघांचं? माझं काय चुकलं? पुढची गाडी एकदम थांबली तरी धडकणार नाही एवढं अंतर मागच्यानं ठेवायचं, हे १९८९ च्या रस्ता नियमांत होतं आणि २०१७ च्या नियमांतही आहे. मी मोबाइलवर काढून दाखवायला लागलो, तर लोक हसले. थांबलो नसतो तर ट्रॉलीतल्या लेकरांवर गेलो असतो, हे कुणाच्या डोक्यात येईना. पाचशे मी घेतले नाहीत. पोरगं सीताफळाचं कॅरेट ठेवायला लागलं, तेही नको म्हटलं. ते तरी घ्यायचं होतं, असं बायको अजून म्हणते.

गॅरेजवाल्यानं बंपर उतरवला तेव्हा आतली लोखंडी पट्टी वाकलेली आणि डिकीखालचा पत्रा दबलेला निघाला. बिल साडेदहा हजार. विमा आहे, पण झिरो डेप नाही. म्हणजे प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापणार, वर हजार रुपये आपले, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. पिकअपच्या विमा कंपनीकडून मागावं, तर थर्ड पार्टीच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची तरतूद आहे. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढायची. बंपरसाठी बीडला तारखा कोण करणार? भरले खिशातून.

म्हणून सांगतो, गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, दोन्ही गाड्या एकत्र, नंबरप्लेटसकट. आणि गर्दीशी वाद घालू नका, पोलिसांना बोलवा.

मध्यंतरी मेव्हण्याची दुचाकी एका जीपला मागून लागली. जीपवाला फोटो काढायला लागला, तसा मेव्हण्याचा मला फोन. मी म्हटलं, ठाण्याच्या भानगडीत पडू नको, चार माणसं गोळा कर आणि तिथंच मिटव. मिटलं. तरी नंबरप्लेट बघून निवाडा करणाऱ्यांवरचा माझा राग आहे तो आहेच.